खातोय, शेपूट हलवतोय, मग वेळ आली की नाही?

ताई, तुमचं सगळं दोनदा वाचलं. 14 वर्षांचा लॅब्राडॉर कुत्रा (लॅब), मागचे पाय जवळपास गेलेत, किडनीचे रिपोर्ट वाईट, डॉक्टर म्हणाले "आता विचार करा". मिस्टर म्हणतात जेवतोय, शेपूट हलवतोय, मग कायमचं झोपवायचं इंजेक्शन कसं द्यायचं. सासूबाई म्हणतात नैसर्गिक जाऊ दे. आणि तुम्ही रात्र रात्र त्याच्याजवळ बसून विचार करताय की आपण घाई तर करत नाही ना. माझ्याकडे बरीच म्हातारी कुत्री राहून गेलीत, काही लहानपणापासूनची, काही लोकांनी म्हातारपणी सोडलेली, त्यामुळे ही रात्र मला माहिती आहे. मोठं लिहितेय, सवडीने वाचा.

सगळ्यात आधी मिस्टरांचा मुद्दा. "खातोय ना, मग ठीक आहे" हे लॅबच्या बाबतीत तर अजिबातच धरू नका. 2016 साली केंब्रिजच्या संशोधकांनी दाखवलं की साधारण चारातल्या एका लॅबमध्ये पीओएमसी नावाच्या जीनमध्ये असा बदल असतो की भूक कायम जास्तच राहते. असं कुत्रं शेवटच्या दिवशीसुद्धा हातातलं बिस्कीट घेतं. उलट लॅबने जेवण सोडलं तर समजायचं पाणी डोक्यावरून गेलंय, म्हणजे खाणं बंद होण्याची वाट बघत बसलात तर बहुतेक उशीरच होणार. शेपटीचंही तेच, तुम्हाला बघून त्याला आनंद होतो म्हणून ती हलते, आणि दुखत असतानाही तो आनंद होतोच. त्याचं तुमच्यावर प्रेम आहे एवढंच त्यावरून कळतं, दुखतंय की नाही ते कळत नाही.

कुत्रं दुखतंय म्हणून ओरडत नाही, निदान रोजच्या जुनाट दुखण्यात तरी नाही. ते वेगळीकडे दिसतं. उकाडा नसताना, धावपळ नसताना धापा टाकणं. एकच सांधा सतत चाटत बसणं. झोपायची जागा सारखी बदलणं, खाली बसायला गेला की अर्ध्यात थांबून परत उभा राहणं. कान मागे, कपाळावर आठी. तो उठतो कसा ते एकदा शांतपणे नुसतं बघा, मदत न करता, अर्धा मिनिट. पुढच्या पायांवर स्वतःला ओढतो का, मागची नखं फरशीवर खरवडतात का, उभा राहिल्यावर मांड्या थरथरतात का, पंजा उलटा पडून वरच्या बाजूवर टेकतो का. आणि पाण्याच्या भांड्यापाशी जाऊन तोंड खाली करून नुसता उभा राहतो, पीत नाही, असं होतंय का, किडनीच्या पेशंटला मळमळत असतं तेव्हा हे फार दिसतं, ओठ चाटणं आणि लाळ गिळत राहणं पण.

रात्री काय होतं ते लिहून ठेवा. दिवसा घरात माणसं असतात, तो सावरून असतो. रात्री दोनला उठून फिरत असेल, कोपऱ्यात तोंड घालून अडकत असेल, तुम्हालाच ओळखत नसल्यासारखं करत असेल, तर ते दुखणं असू शकतं किंवा डॉग डिमेन्शिया (म्हातारपणी मेंदू मंदावून होणारा गोंधळ), किंवा दोन्ही. डिमेन्शियालाही औषधं आहेत, फार चमत्कार नाही होत पण काही कुत्र्यांच्या रात्री बऱ्याच सुधारतात, त्यामुळे ही गोष्ट डॉक्टरांना वेगळी सांगा, नुसतं "झोपत नाही" म्हणू नका. जमलं तर मोबाईलवर रात्रीचा व्हिडिओ काढून दाखवा. टेबलावर चढवल्यावर अर्धी कुत्री घाबरून एकदम टवटवीत दिसतात आणि डॉक्टरांना घरी काय चाललंय ते कळतच नाही.

आता घाई होतेय का या तुमच्या भीतीबद्दल. ती रास्त आहे, कारण म्हातारपणाच्या नावाखाली बऱ्याच बऱ्या होणाऱ्या गोष्टी खपून जातात. सडलेल्या दाढेमुळे न खाणारं कुत्रं, लघवीच्या इन्फेक्शनमुळे घरात घाण करणारं कुत्रं, थायरॉईड कमी झाल्याने दिवसभर लोळत पडणारं कुत्रं, हे सगळे "आता काय, वय झालं" म्हणून सोडून दिलेले मी बघितलेत आणि औषधाने उठलेलेही बघितलेत. अजून एक, एखाद्या सकाळी कुत्रं अचानक मान वाकडी करून, डोळे भराभर हलवत एका बाजूला कोसळलं, उलट्या झाल्या, की घरचे म्हणतात अटॅक आला, संपलं. म्हाताऱ्या कुत्र्यांमध्ये हे पुष्कळदा कानाच्या आतल्या तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेचं असतं, दोनतीन दिवसांत सुधारायला लागतं आणि दोनतीन आठवड्यांत बरंच बरं होतं, मान थोडी वाकडी राहिली तर राहते. त्या दिवशी निर्णय घेऊच नये. तपासणी मात्र त्याच दिवशी.

तुमच्या लॅबच्या पायांबद्दल डॉक्टरांना एक नक्की विचारा, संधिवात आहे की नसांचा आजार. दोन्हीत मागचे पाय जातात पण फरक मोठा आहे. संधिवातात दुखतं, त्याला औषध देता येतं. नसांमध्ये दुखणं कमी पण ताकद जाते. लॅबमध्ये म्हातारपणी एक प्रकार बराच दिसतो ज्यात घशाचा स्वरयंत्राचा भाग नीट उघडत नाही आणि हळूहळू मागचे पायही कमजोर होतात. भुंकणं घोगरं झालंय का, श्वास घेताना खरखर आवाज येतो का, पाणी पिताना ठसका लागतो का? तसं असेल तर उकाडा आणि एक्साइटमेंट दोन्हीपासून जपा, कारण अशा कुत्र्यांचा श्वास अचानक अडकतो आणि ती फार वाईट इमर्जन्सी असते.

तुमच्याकडची खरी अडचण अशी की पाय आणि किडनी एकदम आलेत. संधिवाताला जी नेहमीची औषधं, मेलोक्सिकॅम, कारप्रोफेन, ती किडनी बिघडलेली असताना सहजासहजी देता येत नाहीत. गॅबापेंटिन हे दुसरं दुखण्याचं औषधसुद्धा किडनीवाटे जातं त्यामुळे डोस कमी करावा लागतो. म्हणून विचारा, "किडनी सांभाळून याचं दुखणं कमी करायला आपण सगळं वापरून झालंय का?" उत्तर "नाही" असेल तर आधी ते करून बघा, दोनतीन आठवडे मनापासून. फरशीवर रबरी मॅट, मागच्या बाजूला उचलायचा हार्नेस, जाड गादी, कूस बदलत राहणं, लघवीने ओली झालेली कातडी धुऊन कोरडी करणं. माणसांची पेनकिलर घरच्या घरी देऊ नका, आयबुप्रोफेन तर अजिबात नाही. आणि हे लक्षात असू द्या की क्रिएटिनिन (रक्ततपासणीतला किडनीचा आकडा) वाढलेलं दिसतं तोवर किडनीचं साधारण तीन चतुर्थांश काम गेलेलं असतं. कातडीखाली सलाईन, मळमळीचं औषध, किडनीचं जेवण यांनी चांगले महिने मिळू शकतात, पण गेलेली किडनी परत येत नाही.

सासूबाईंना प्लीज रागाने बोलू नका, त्या प्रेमानेच म्हणतायत. त्यांच्या डोळ्यासमोर झोपेत शांत गेलेलं कुत्रं असणार, आणि तसं एखादं जातंही. पण किडनीने जाणारं बहुतेक तसं जात नाही. रक्तात घाण साठते, तोंडात अल्सर होतात, सतत मळमळ, उलट्या, कधी फिट्स, आणि हे दिवसेंदिवस चालतं. जंगलातला आजारी प्राणी इतका जगलाच नसता, याला आपण औषधांनी, सलाईनने इथवर आणलंय, मग शेवटच्या चार दिवसांतच फक्त निसर्गावर सोडायचं हे मला पटत नाही. त्यांना हे शांतपणे सांगा, डॉक्टरांसमोर बसवून सांगितलंत तर अजून चांगलं. घरातल्या थोरांना डावलून केलेली ही गोष्ट नंतर वर्षानुवर्षं जेवणाच्या टेबलावर निघते.

ठरवायचं कसं, तर अमेरिकेतल्या प्राण्यांच्या डॉक्टर अ‍ॅलिस व्हिलालोबोस यांनी केलेलं एक स्केल आहे, पुष्कळ डॉक्टर वापरतात. सात गोष्टी, प्रत्येकीला 0 ते 10 मार्क, जितकं बरं तितके जास्त: दुखणं (श्वासाचा त्रासही यातच), भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल, आणि वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का. 70 पैकी 35 च्या वर असेल तर ठीक चाललंय असं धरतात. घरातल्या प्रत्येकाने वेगवेगळं भरा, एकमेकांचं न बघता, मग समोरासमोर ठेवा. मिस्टर आनंदाला 8 देतील आणि तुम्ही 3 द्याल, आणि मग कळेल की ते संध्याकाळी घरी आल्यावरचा त्याचा अर्धा तास बघतायत आणि तुम्ही त्याची रात्र बघताय. भांडण तिथंच अर्धं मिटतं. पण नुसत्या बेरजेवर मी जाणार नाही. श्वास लागत असेल तर बाकी सहा गोष्टींना दहापैकी दहा मिळाले तरी उपयोग नाही, हवेसाठी धडपडणं हे दुखण्यापेक्षा वाईट. गाढ झोपेत मिनिटाला श्वास मोजा, 30 च्या खाली पाहिजे, रोज वर जात असेल तर लगेच फोन.

आणि आजच, डोकं शांत असताना, एक कागद घ्या आणि रेघ ठरवा. त्याच्या आयुष्यातल्या त्याच्या आवडीच्या तीनचार गोष्टी लिहा, तुमच्या नाही, त्याच्या. दारात बसून रस्ता बघणं, तुमच्या मागे किचनमध्ये येणं, चेंडू तोंडात धरणं, जे असेल ते. त्यातल्या किती गोष्टी बंद झाल्या की थांबायचं ते आत्ता लिहून ठेवा. कॅलेंडरवर रोज रात्री चांगला दिवस, वाईट दिवस अशी खूण करा. हे एवढ्यासाठी की ऱ्हास इतका हळू होतो की आपण रोज थोडी थोडी तडजोड करत जातो, काल ज्याला "असं झालं तर नको" म्हणालो होतो ते आज होतं आणि आपण म्हणतो चालतंय की. कागद तडजोड करत नाही.

माझं मत विचारलंत म्हणून सांगते. किडनी परत येणार नाही आणि दुखण्याचे सगळे उपाय झाले असतील, तर थोडं लवकर केलेलं बरं. रात्री तीनला फिट्स चालू असताना, ओळखीचा डॉक्टर मिळत नाही, कुठल्यातरी इमर्जन्सीत अनोळखी टेबलावर, असं व्हायला नको. आठवडाभर आधी गेला तर त्याला त्या आठवड्याचं काही वाटणार नाही, त्याला उद्या नावाची गोष्ट माहितीच नाही. उशीर मात्र त्यालाच सोसावा लागतो.

प्रत्यक्ष कसं होतं ते आधीच माहिती असलेलं चांगलं. आधी गुंगीचं इंजेक्शन, पाचदहा मिनिटांत तो गाढ झोपतो, मग पायाच्या शिरेत सुई, आणि भूल देणाऱ्या औषधाचा मोठा डोस, बहुतेक ठिकाणी पेंटोबार्बिटल. आधी शुद्ध जाते, मग श्वास थांबतो, मग हृदय, सगळं काही मिनिटांत. डोळे उघडेच राहतात. नंतर एखादा खोल श्वास येतो किंवा स्नायू उडतात, लघवी होते, तो तेव्हा नसतो, घाबरू नका. डिहायड्रेट झालेल्या कुत्र्याची शीर पटकन सापडत नाही, त्यात वेळ गेला तर डॉक्टरांवर चिडू नका. एक गोष्ट मात्र आधी स्पष्ट विचारून घ्या, कोणतं औषध देणार आणि आधी पूर्ण बेशुद्ध करणार ना. शुद्धीत असलेल्या प्राण्याला मॅग्नेशियम सल्फेट किंवा पोटॅशियम क्लोराईड थेट देणं हे क्रूर आहे, अमेरिकन व्हेटर्नरी मेडिकल असोसिएशनच्या गाईडलाईन्समध्येही ते अमान्य आहे. उत्तर देताना कुणी टाळाटाळ केली तर दुसरा डॉक्टर बघा. घरी येणारे डॉक्टर असतील तर घरीच करा, त्याच्या गादीवर.

थांबता येत असेल तर जवळ थांबा, डोक्याशी. मुलांना "गावाला गेला" असं सांगू नका, ती वाट बघत बसतात. खूप आजारी होता, बरा होणार नव्हता, डॉक्टरांनी त्याला दुखू न देता मरायला मदत केली, एवढं सहासात वर्षांच्या मुलालाही कळतं. दुसरं कुत्रं घरात असेल तर त्याला नंतर जवळ येऊन हुंगू द्या. पुरणार असाल तर खड्डा खोल हवा, पेंटोबार्बिटल शरीरात राहतं आणि उकरून खाणाऱ्या प्राण्याला विषबाधा होते.

आता या आठवड्यात एवढं करा: रात्रीचा व्हिडिओ, झोपेतले श्वास, आणि डॉक्टरांना पायांचा आणि पेनकिलरचा प्रश्न. क्रिएटिनिन, फॉस्फरस आणि बीपीचे आकडे मला लिहा, आत्ता कोणती औषधं कितीदा चालू आहेत तेही, म्हणजे डॉक्टरांना अजून काय विचारायचं ते आपण मिळून काढू.