सदाफुलीच्या बाटलीला पगार कोण देणार?

नमस्कार ताई,

तुमची लेक साताऱ्यात बीएस्सी बॉटनीच्या शेवटच्या वर्षाला, सदाफुलीच्या पानाचा तुकडा बाटलीत वाढवून त्यातलं कॅन्सरचं औषध वाढवायचा प्रोजेक्ट करतेय, एमएस्सी पण त्यातच करायची म्हणते आणि घरचे म्हणतात बीएड करून मोकळी हो. पत्राच्या शेवटी तुम्ही लिहिलंय, "अंगणातलं झाड बाटलीत वाढवायला पगार कोण देतं?" हसू आलं, पण प्रश्न रास्त आहे.

देतात, पण थोडेच लोक देतात. जपानमध्ये मित्सुई कंपनीने 1983 मध्ये शिकोनिन नावाचा लाल रंग टाकीत वाढवलेल्या पेशींपासून काढून विकला, त्याची लिपस्टिकसुद्धा आली. शेतात त्याच मुळांना काही वर्षं लागतात, टाकीत तीनेक आठवडे. टॅक्सॉल हे कॅन्सरचं औषधही आज यू नावाच्या सूचिपर्णी झाडाच्या पेशी मोठ्या टाक्यांत वाढवून बनतं. (हे टॅक्सॉल शोधणाऱ्या दोघांपैकी एक मनसुख वाणी, आपल्या नंदुरबारचे बरं का! सह्याद्रीतली नरक्या ही वनस्पती ज्याच्यापायी तोडली जाते ते कॅन्सरवरचं कॅम्पटोथेसिनही त्यांनीच, त्या दोघांतल्या दुसऱ्या वॉल यांच्याबरोबर शोधलं.)

आता सदाफुलीचं. टनभर वाळलेल्या पानांतून व्हिन्क्रिस्टिन हे कॅन्सरचं औषध निघतं ते जेमतेम काही ग्रॅम, म्हणून सगळ्यांना वाटतं बाटलीत करू, पण गोम अशी की व्हिन्क्रिस्टिन न् तिच्यातलंच दुसरं औषध व्हिनब्लास्टिन दोन तुकडे जोडून बनतात, त्यातला कॅथरँथिन साध्या कॅलसमध्ये होतो पण व्हिंडोलिन व्हायला पानासारख्या वेगवेगळ्या पेशी न् उजेड लागतो, आणि कॅलस म्हणजे नुसता पेशींचा गोळा, त्यामुळे तिथे गाडी अडते ती अडतेच.

मग पोरं एलिसिटर, म्हणजे पेशींना धक्का देणारं काहीतरी, घालतात. मिथाइल जॅस्मोनेट, सॅलिसिलिक अॅसिड, यीस्टचा अर्क, काहीही. झाडाला वाटतं किडा चावला, ते बचावाची रसायनं बनवतं. 1996 मध्ये जपानी संशोधकांनी यूच्या पेशींना मिथाइल जॅस्मोनेट देऊन टॅक्सॉल चांगलंच वाढवून दाखवलं. पण त्याच धक्क्याने पेशींची वाढ खुंटते, म्हणजे ग्रॅममागे औषध वाढलं तरी लिटरमागे कमीच भरू शकतं, म्हणून आधी पेशी वाढू द्यायच्या आणि वाढ संपत आली की मग एलिसिटर. एवढं ज्याला पक्कं कळतं त्याचा प्रोजेक्ट वाचावासा वाटतो, बाकीचे नुसते "पाचपट वाढलं" असा ग्राफ लावतात.

नोकरीचं सरळ सांगतो. जळगावकडे टिश्यू कल्चरची, म्हणजे अशीच बाटलीत वाढवलेली, केळीची रोपं लाखांनी बनतात, तिथे हात बसलेल्या मुलींना काम मिळतं, सुरुवातीला पगार बेताचाच. औषधाच्या कामाला मात्र जागा कमी आणि तिथे नुसती बॉटनी चालत नाही, एचपीएलसीवर, म्हणजे अर्कातलं कुठलं रसायन किती ते मोजणाऱ्या यंत्रावर, स्वतः मोजता यायला हवं, केमिस्ट्री हवी, टाकीतल्या ऑक्सिजनचं न् ढवळण्याचं थोडं इंजिनिअरिंग हवं. एचपीएलसी शिकली तर उद्या टिश्यू कल्चर सोडलं तरी फार्मा कंपन्यांच्या क्वालिटी कंट्रोलला दार उघडं आहे, म्हणून मी तरी त्यावरच जोर देईन. एमएस्सीला जीएटी-बी किंवा जॅम ही प्रवेश परीक्षा द्या, पुढे पीएचडी करायची तर नेट-जेआरएफ ही फेलोशिपची परीक्षा. बीएड कुठे पळून जात नाही, एमएस्सीनंतरही होतं.

आणि एक करा, तिला विचारा तू कॅलसमध्ये नेमकं काय मोजणार. व्हिनब्लास्टिन म्हणाली तर ते कॅलसमध्ये अडतं, आधी गाइडशी बसून बोल म्हणावं, कॅलसमध्ये होणारं कॅथरँथिन किंवा सदाफुलीतलंच अजमॅलिसिन म्हणाली तर पोरगी वाचून आलीये, एमएस्सीचा फॉर्म भरू द्या.