रसायनशास्त्र शिकलेली मुलगी संग्रहालयात काय काम करील?

प्रश्न : माझी मुलगी श्रीरामपूर येथे बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षात असून रसायनशास्त्र हा तिचा मुख्य विषय आहे. मुंबईचे वस्तुसंग्रहालय पाहून आल्यापासून ‘मला जुन्या वस्तूंच्या जतनाच्या कामात जायचे आहे’ असे ती म्हणते. ती चित्रे चांगली काढते. परंतु रसायनशास्त्र शिकून औषध कंपनीत किंवा शिक्षकी पेशात जावे, एवढेच आम्हांला ठाऊक आहे. संग्रहालयात रसायनशास्त्राला काय काम? त्यात नोकरी मिळते का? अशा ठिकाणी विषारी द्रव्ये हाताळावी लागतात असे ऐकतो, त्याविषयीही कळवावे. – एक पालक, जि. अहिल्यानगर

उत्तर : सप्रेम नमस्कार. आपल्या कन्येची इच्छा विचारपूर्वक ऐकून घेण्याजोगी आहे आणि आपल्या शंकाही रास्त आहेत. आपण श्रीरामपूर तालुक्यातले आहात, म्हणून उदाहरणही तिथलेच घेतो. प्रवरेच्या काठावरील दायमाबाद येथे १९७४ साली एका शेतकऱ्याला जमिनीत धातूच्या चार भरीव वस्तू सापडल्या : बैल जुंपलेला रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा. मुलीने मुंबईत पाहिलेल्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात त्यांपैकी काही आहेत. या वस्तू कोणत्या काळातल्या, यावर विद्वानांत मतभेद आहेत. म. न. देशपांडे, एस. आर. राव, एस. ए. साळी यांनी त्या उत्तर हडप्पा, म्हणजे हडप्पा संस्कृतीच्या शेवटच्या काळातील मानल्या. डी. पी. अग्रवाल यांनी मात्र धातूच्या विश्लेषणाचा आधार घेतला. या वस्तूंच्या तांब्यात एक टक्क्याहून अधिक आर्सेनिक आहे आणि ताम्रपाषाणयुगातील इतर वस्तूंत तसे मिश्रण आढळलेले नाही, म्हणून त्या नंतरच्या, ऐतिहासिक काळातील असाव्यात, असे त्यांचे म्हणणे होते. इतिहासातला एवढा मोठा वाद एका मूलद्रव्याच्या प्रमाणावर येऊन ठेपतो आणि ते प्रमाण बिनचूक मोजणारी व्यक्ती रसायनशास्त्रज्ञ असते. संग्रहालयातील संशोधनाला रसायनशास्त्राची गरज का लागते, हे यावरून आपल्या लक्षात येईल.

आता जतनाकडे वळतो. तांब्याच्या किंवा काशाच्या जुन्या मूर्तीवर कधी कधी फिकट हिरव्या, भुसभुशीत भुकटीचे ठिपके उमटतात. मूर्ती जमिनीत असताना मातीतील क्षार धातूत मुरतात आणि आत क्युप्रस क्लोराइड, म्हणजे तांबे आणि क्लोरीन यांचे संयुग, तयार होऊन बसते. दमट हवा लागली की पाणी आणि ऑक्सिजन यांच्याशी त्याची अभिक्रिया होऊन ही हिरवी भुकटी तयार होते आणि सोबत हायड्रोक्लोरिक आम्लही सुटते. ते आम्ल उरलेल्या तांब्यावर चढाई करते, त्यातून पुन्हा क्लोराइड बनते आणि हे चक्र धातू संपेपर्यंत चालू राहू शकते. मूर्ती चिंचेने किंवा लिंबाने घासून लख्ख करणे हा यावरचा उपाय नाही. घासल्याने जुना, स्थिर थर जातो आणि त्याखालचे कोरीव कामही झिजते. जाणकार व्यक्ती आधी क्लोराइड आहे की नाही हे तपासते, भुकटी सूक्ष्मदर्शकाखाली हलक्या हाताने काढते, बेन्झोट्रायअझोलसारख्या संयुगाने तांब्यावर संरक्षक पापुद्रा तयार करते आणि मूर्ती कोरड्या हवेच्या कपाटात ठेवते. हे सारे आपल्या मुलीच्या अभ्यासक्रमातील गंज, आम्ल आणि जटिल संयुगे यांचेच उपयोजन आहे. चेन्नईच्या सरकारी संग्रहालयात अशाच ब्राँझ मूर्तींसाठी १९३० च्या दशकात एस. परमशिवन या रसायनशास्त्रज्ञांनी प्रयोगशाळा उभी केली होती. त्याही आधी, १९१७ पासून, भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाकडे स्वतःचा पुरातत्त्वीय रसायनशास्त्रज्ञ होता. त्यामुळे हे क्षेत्र नवखे किंवा हौसेचे आहे, असे कृपया समजू नये.

मुलीला अजिंठ्याचे उदाहरण मी मुद्दाम सांगू इच्छितो, कारण या व्यवसायाची शिस्त त्यातून चांगली कळते. १९२० ते १९२२ या काळात निजाम सरकारने इटलीहून दोन तज्ज्ञ आणवले. त्यांनी सुटू पाहणारा गिलावा भिंतीला घट्ट बसवला, हे त्यांचे काम मोलाचे होते. मात्र चित्रांवर त्यांनी शेलॅकचा, म्हणजे चपडा लाखेचा हात दिला. त्या काळी ती मान्य पद्धत होती. पण शेलॅक हा सेंद्रिय पदार्थ असल्याने काळाच्या ओघात हवेतील ऑक्सिजनमुळे पिवळट-तपकिरी पडतो आणि त्याचे रेणू एकमेकांत गुंफले जाऊन तो साध्या अल्कोहोलमध्येही नीट विरघळेनासा होतो. चित्रे अंधारली. पुढे पुरातत्त्व विभागाच्या रसायनशास्त्रज्ञांना हा थर बोटभर जागा घेत घेत, द्रावकांची, म्हणजे थर विरघळवणाऱ्या द्रवांची मिश्रणे पारखून काढावा लागला. अजिंठ्याची चित्रे ओल्या चुन्यावरची नसून कोरड्या पृष्ठभागावर, रंगद्रव्यात बंधक पदार्थ मिसळून रंगवलेली आहेत. चुकीचे द्रावक पडले, तर लाखेबरोबर मूळ रंगही निघून येईल. म्हणून आज कोणताही लेप देण्यापूर्वी तो पन्नास वर्षांनी काढता येईल का, हा प्रश्न आधी विचारला जातो. त्याचे उत्तर देण्यासाठी बहुवारिकांचे (पॉलिमरचे) रसायनशास्त्र पक्के असावे लागते.

चित्रांच्या बाबतीत रंगद्रव्ये ओळखणे हे मोठे काम आहे. क्ष-किरण प्रतिदीप्तीच्या (एक्स-रे फ्लुओरेसन्सच्या) हातात धरण्याजोग्या यंत्राने चित्राला धक्का न लावता त्यातील मूलद्रव्ये कळतात : पारा दिसला तर हिंगूळ हा लाल रंग, शिसे दिसले तर शेंदूर किंवा सफेदा हा पांढरा रंग, आर्सेनिक दिसले तर हरताळ हा पिवळा रंग असण्याची शक्यता. निळ आणि काजळी मात्र त्याला दिसत नाही. निळीसाठी रामन किंवा अवरक्त वर्णपटाचा आधार घ्यावा लागतो. नकली चित्रेही अशीच उघडी पडतात. जर्मनीत १९१४ सालचे म्हणून विकल्या गेलेल्या एका चित्रात टायटॅनियम पांढरा सापडला आणि हा रंग चित्रकारांच्या हाती पहिल्या महायुद्धानंतर आला असल्याने वोल्फगांग बेल्ट्राच्ची या बनावटकाराचे बिंग फुटले.

मुलीला या कामाची गोडी लागावी असा एक प्रयोगही सांगतो. ब्रिटिश म्युझियममधील अँड्र्यू ऑडी यांनी १९७३ साली तो मांडला. संग्रहालयातील कपाटाच्या सामग्रीमुळे आतल्या वस्तूंना अपाय होईल का, हे त्यातून कळते. कपाटासाठी वापरायचे लाकूड, कापड किंवा गोंद यांचा नमुना थोड्या पाण्यासह बंद काचपात्रात ठेवतात, शेजारी चांदी, तांबे आणि शिसे यांच्या छोट्या पट्ट्या टांगतात आणि पात्र ६० अंश सेल्सिअस तापमानात २८ दिवस ठेवतात. शिशावर पांढरा थर आला तर त्या लाकडातून ॲसिटिक आम्ल सुटत असल्याचा संशय घ्यायचा. चांदी काळवंडली तर गंधकाचा. कॉलेजच्या प्रकल्पासाठी हा विषय उत्तम आहे. मात्र शिसे हाताळताना हातमोजे आणि प्राध्यापकांची देखरेख अवश्य असावी.

शिक्षणाविषयी माझे मत स्पष्ट आहे. तिने आता विषय बदलू नये. बी.एस्सी. पूर्ण करून शक्यतो विश्लेषणात्मक रसायनशास्त्रात एम.एस्सी. करावी. या क्षेत्रात दोन वाटा आहेत : एक वस्तूवर प्रत्यक्ष हाताने उपचार करणाऱ्या संवर्धकाची आणि दुसरी प्रयोगशाळेत विश्लेषण करणाऱ्या वैज्ञानिकाची. चित्रकलेचा हात पहिल्या वाटेवर फार उपयोगी पडतो. त्यासाठी नोएडा येथील इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ हेरिटेजमध्ये संवर्धनाची पदव्युत्तर पदवी आहे. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात संग्रहालयशास्त्राचा जुना विभाग आहे. लखनौची राष्ट्रीय सांस्कृतिक संपदा संवर्धन अनुसंधान प्रयोगशाळा प्रशिक्षणवर्ग घेते आणि मुंबईच्या वस्तुसंग्रहालयातही स्वतःचे कलासंवर्धन केंद्र आहे. प्रवेशाच्या अटी बदलत असतात, म्हणून त्या त्या संस्थेच्या संकेतस्थळावरच पाहाव्यात. सुट्टीत कुठे उमेदवारी, म्हणजे शिकाऊ म्हणून काम, करता आली, तर ती पदवीइतकीच मोलाची समजावी.

नोकरीबाबत मी आपल्याला गोड चित्र रंगवून सांगणार नाही. पुरातत्त्व विभागाच्या विज्ञान शाखेत, मोठ्या संग्रहालयांत आणि अभिलेखागारांत पदे आहेत, पण ती थोडी आहेत आणि भरती नियमित निघत नाही. खासगी संवर्धन कार्यशाळांत काम मिळते. तिथे सुरुवातीची काही वर्षे ते बहुधा कंत्राटी असते आणि पगारही बेताचा असतो. घरची तेवढी वाट पाहण्याची तयारी आहे का, हे आपण दोघांनी मुलीसमोर बसून ठरवावे. एम.एस्सी. हाताशी ठेवण्याचा माझा आग्रह याचसाठी आहे. ज्या वर्णपटमापी यंत्रांवर ती रंग ओळखायला शिकेल, तीच यंत्रे औषधनिर्मितीत आणि न्यायवैद्यक प्रयोगशाळांत वापरली जातात.

विषारी द्रव्यांविषयीची आपली काळजी खरी आहे. द्रावकांच्या वाफा असतात, हस्तलिखितांत चुका झाकण्यासाठी लावलेल्या हरताळात आर्सेनिक असते आणि पेंढा भरून ठेवलेल्या जुन्या प्राण्यांवर पूर्वी किडीसाठी आर्सेनिक किंवा पाऱ्याची संयुगे चोळलेली असू शकतात. योग्य हातमोजे, मुखपट्टी आणि वाफा ओढून घेणारे कपाट असेल तर हा धोका आटोक्यात राहतो. मुलगी उमेदवारीसाठी जिथे जाईल, तिथे हे कपाट चालू स्थितीत आहे का आणि जुन्या वस्तूंवर पूर्वी काय फवारले याची नोंदवही आहे का, हे दोन प्रश्न आपण जरूर विचारावेत. उत्तर समाधानकारक नसेल तर दुसरी जागा शोधावी.