लिहायला बसलं की पोटात गोळा येतो

मागच्या अंकात आम्ही विचारलं होतं, ब्लॉग लिहिताय ना, मग कुठं अडतंय ते कळवा. वाटलं होतं लोक जाहिराती, डोमेन असलं काहीतरी विचारतील, पण बहुतेक पत्रांत एकच गोष्ट आली, लिहिणं नकोसं झालंय. त्यातली चार पत्रं इथं घेतलीत. नावं कुणाचीच दिली नाहीत.

प्रश्न (लातूर जिल्हा): ताई, मी चार वर्षांपासून आपल्याकडच्या खाण्यापिण्यावर ब्लॉग लिहिते, आठवड्याला तीन पोस्ट, कधी खाडा नाही. सुरुवातीला लई हौस होती. आता एका पोस्टसाठी पदार्थ दोनदा करते, एकदा फोटोला आणि एकदा घरच्यांना, मग रील, मग फेसबुक, मग व्हॉट्सॲपचे अकरा ग्रुप, मग कमेंटला उत्तरं. यंदा येळवसला, म्हणजे वेळा अमावास्येला, शेतात गेलो, कडब्याची कोप, पाच पांडव, पूजा, सगळं मी फोनमधूनच बघितलं. भज्जी, आंबील, उंडे नीट मांडून फोटो काढेपर्यंत सगळ्यांची जेवणं उरकली. सासूबाई म्हणाल्या, आधी खा की माय, फोटू कुठं पळून चाललाय का. मला तिथंच रडू आलं. आता लॅपटॉप उघडला की पोटात गोळा येतो. महिनाभर सुट्टी घेऊन बघितली, परत बसले तर तसंच. बंदच करून टाकू का?

उत्तर: ताई, बंद करायचं का नाही हे आत्ता ठरवूच नका, थकलेल्या माणसानं असले निर्णय घेऊ नयेत, दोन महिन्यांनी घ्या. आणि तुमची हौस कमी पडली, तुम्ही आळशी झालात असलं काही मनात आणत असाल तर ते आधी काढून टाका. तुमच्या या अवस्थेला बर्नआउट म्हणतात, म्हणजे काम करून करून आतून विझून जाणं. हा शब्द मानसशास्त्रात आणला हर्बर्ट फ्रॉयडेनबर्गर यांनी, १९७४ मध्ये, आणि त्यांना ते दिसलं कुठं तर न्यूयॉर्कमधल्या एका मोफत दवाखान्यात, जिथं लोक जीव लावून, बहुतेक पगाराशिवाय काम करत होते. ते स्वतःही आपला दिवसभराचा व्यवसाय करून रात्री तिथं जायचे आणि स्वतःही त्यातून गेले. त्यांनी लिहून ठेवलंय की ज्यांची तळमळ जास्त तेच आधी विझतात, आणि विझायला लागले की ते अजून जास्त तास काम करतात, म्हणजे अजूनच लवकर विझतात. तुम्ही चार वर्षांत एकही खाडा केला नाही असं अभिमानानं लिहिलंय ना, मला त्या ओळीचीच जास्त काळजी वाटली.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये याच्या तीन खुणा सांगितल्या. अंगातलं बळ संपल्यासारखं वाटणं, कामाबद्दल तुटलेपण किंवा कडवटपणा येणं, आणि आपल्याच्यानं काही धड होत नाही असं वाटत राहणं. हा आजार आहे असं ते म्हणत नाहीत, कामाचा ताण नीट न सांभाळला गेल्यानं आलेली अवस्था आहे असं म्हणतात. म्हणजे बदल कामात करायचाय, नुसता तुमच्यात नाही. सुट्टी म्हणूनच फसली तुमची. चप्पल चावून पायाला फोड आला म्हणून महिनाभर चप्पल काढून ठेवली, फोड बसला आणि परत तीच चप्पल घातली, तर काय होणार होतं दुसरं?

आता एक काम करा. वहीच्या एका पानावर मागच्या कुठल्याही एका पोस्टचे तास मांडा, स्वयंपाक किती, फोटो किती, रील किती, ग्रुपवर टाकणं, उत्तरं देणं, आणि सगळ्यात शेवटी, नुसतं लिहिणं किती. मला खात्री आहे लिहिण्याचा आकडा सगळ्यात छोटा निघेल. तुम्ही लिहिण्यानं थकला नाहीत, लिहिण्याच्या भोवती जे पाच उद्योग गोळा झालेत त्यांनी थकवलंय, आणि ते पाचही उद्योग तुम्हाला कुणी लावले नव्हते, एकेक करून घरात आले आणि ओसरीवर बसले ते उठलेच नाहीत. त्यातला रीलचा उद्योग आजच उठवा. अकरा ग्रुपपैकी जिथं खरंच कुणी वाचून बोलतं असे एक-दोन ठेवा. पदार्थ फोटोसाठी वेगळा करायचा नाही, घरच्यांसाठी केला की त्याच ताटाचा एक फोटो, निघाला तर निघाला.

मी हे पुस्तकातून सांगत नाही. मी स्वतः बारवांवर, म्हणजे पायऱ्यांच्या जुन्या विहिरींवर लिहायचे, दर रविवारी एक, दोन वर्षं. सेलू तालुक्यात वालूरला एक चक्राकार बारव आहे, पायऱ्या गोल फिरत खाली उतरतात, बघतच राहावं अशी. तिथं मी उभी राहून पायऱ्या मोजत होते, का तर लेखात आकडा पाहिजे, आणि शेजारी एक म्हातारबाबा गावानं मिळून तिच्यातला गाळ कसा काढला ते सांगत होते आणि मी हं हं करत होते. घरी येऊन लिहायला बसले तर माझ्याकडे आकडा होता आणि बाबांचं एकही वाक्य नव्हतं. ते अजून लागतं मला. त्यानंतर चार महिने काही लिहिलं नाही, पण बारवा बघायला जात राहिले, फोन पिशवीत ठेवून, लोकांशी बोलत. परत लिहायला लागले ते महिन्याला एक, आणि त्यात पुढं बदल केला नाही.

तुम्ही पण असंच करा. सुट्टी घ्या, पण तारीख ठरवून घ्या, उदाहरणार्थ गुढीपाडव्यापर्यंत, आणि वाचकांना एका ओळीत सांगून टाका म्हणजे मनावर ओझं राहत नाही. त्या काळात व्ह्यूजचं पान उघडायचं नाही, फोनमधून ते ॲपच काढा. स्वयंपाक करा, सासूबाईंना विचारत बसा की त्यांच्या माहेरी भज्जीत काय काय पडायचं, हिरव्या तुरीचे दाणे, वाल, हरभरा, चिंच किती, हुरड्याच्या दिवसात अजून काय व्हायचं, त्यातलं आवडेल ते वहीत लिहून ठेवा. पाडव्यानंतर सुरू करताना महिन्याला दोनच लेख ठेवा, आणि एक लेख टाकायच्या आधी दोन लेख तयार पाहिजेत. जुन्या वाड्यात धान्य साठवायचं बळद असायचं ना, त्यात दाणे असले की घरातली बाई निवांत असायची, तसं. रिकाम्या बळदावर तुम्ही चार वर्षं संसार केलाय, आज करायचं आणि आजच वाढायचं.

आकडा उतरेल, हे आधीच सांगते. आठवड्याला तीनवरून महिन्याला दोनवर आलात की व्ह्यूज पडणार, पहिले दोन-तीन महिने जिवाला लागणार. लागू द्या. आणि पुढच्या येळवसला फोन घरी ठेवून जा, जेवा, आणि चार दिवसांनी आठवेल तेवढंच लिहा. बिनफोटोचा लेख असू द्या तो.

प्रश्न (वसमत, जि. हिंगोली): नमस्कार. मी तीन वर्षांपासून शेतीच्या योजनांची माहिती देणारा ब्लॉग चालवतो, ३०० च्या वर लेख झाले. मधल्या काळात ॲडसेन्सचे, म्हणजे गूगलच्या जाहिरातींचे बरे पैसे आले, आता व्हिजिट एकदम घसरल्यात. वडील म्हणतात हे सोड आणि शेतात ये नाहीतर नोकरी बघ. मोटिव्हेशनचे व्हिडिओ बघतो, दोन दिवस जोर येतो, तिसऱ्या दिवशी परत जैसे थे. मोटिव्हेटेड राहायचं कसं?

उत्तर: दादा, व्हिडिओचा जोर दोन दिवस टिकतो कारण तो बाहेरून भरलेला असतो, त्यात तुमचा दोष नाही.

अमेरिकेत १९७३ मध्ये मार्क लेपर आणि त्यांच्या सोबत्यांनी बालवाडीतल्या मुलांवर एक प्रयोग केला होता. ज्यांना चित्रं काढायला मनापासून आवडायचं अशी मुलं घेतली. काहींना आधीच सांगितलं की चित्र काढलं तर रिबीन लावलेलं सर्टिफिकेट मिळेल, काहींना काही न सांगता नंतर दिलं, काहींना काहीच दिलं नाही. एक-दोन आठवड्यांनी मोकळ्या वेळात बघितलं तर ज्यांना बक्षीस कबूल केलं होतं तीच मुलं चित्रांकडे कमी वळत होती, बाकीच्यांच्या साधारण निम्मा वेळ. आवडीचं काम बक्षिसासाठी व्हायला लागलं की बक्षीस थांबल्यावर आवड पण थांबते. तुमचं तेच झालंय असं मला पत्र वाचून वाटलं, पैसे यायच्या आधी तुम्ही का लिहीत होता हे तुमच्या पत्रात कुठंच नाही.

व्हिजिट का घसरल्या, तर तुमच्या ब्लॉगचं नेमकं मी सांगू शकत नाही, पण २०२४ पासून आपल्याकडे गूगल शोधाच्या वरतीच एआयचं तयार उत्तर द्यायला लागलंय, आणि योजनेची कागदपत्रं कोणती, शेवटची तारीख काय, एवढंच ज्याला पाहिजे तो खाली तुमच्यापर्यंत यायचं कारण उरत नाही. अशी माहिती शंभर ठिकाणी सारखीच असते, ती अजून दोनशे लेख लिहून वाढवण्यात काही अर्थ नाही असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि तुम्ही वसमतचे आहात हो! हळदीच्या बाजारात राहता आणि पत्रात हळदीचं नाव पण नाही. वडील शेतात ये म्हणतात ना, जा. बेणं कितीला आणलं, एकरी किती लागलं, आठ-नऊ महिने ते पीक रानात राहतं तोवर करपा आला का, कंदकुज झाली का, काढायला मजूर मिळाले का, उकडायला कुकरवाल्यानं काय घेतलं, वाळवताना अवकाळी आला तर काय केलं, पॉलिश करून घटीत किती गेलं, आणि शेवटी मोंढ्यात काय भाव पडला. हे तारखेसकट लिहा, तोटा झाला तर तोटा लिहा. कुठलंही मशीन हे सांगू शकत नाही कारण ते तुमच्या रानात उभं नव्हतं. नांदेडचा, परभणीचा शेतकरी हे वाचेल कारण त्याला स्वतःचा हिशोब लावून बघायचाय.

पोटापाण्याचं वेगळं ठेवा मात्र. ब्लॉगवर घर चालवायचा भार टाकला की रोज सकाळी उठून तुम्ही त्याच्याकडे सावकाराच्या नजरेनं बघणार. वडिलांशी बसून बोला, एक हंगाम ठरवा, पुढच्या काढणीपर्यंत शेत आणि आठवड्याला एक लेख, त्यानंतर दोघं मिळून बघू असं. बाप माणूस मुदत दिली की ऐकतो बऱ्याचदा.

प्रश्न (परभणी): मी कविता आणि ललित लिहायचे. चार महिने झाले काहीच सुचत नाही. झोप पहाटे तीनला उडते, जेवण जात नाही, लेकराशी बोलायला पण नको वाटतं. सगळे म्हणतात रायटर्स ब्लॉक आहे, लिहिणं अडलंय, लिहायला लाग म्हणजे बरं वाटेल.

उत्तर: ताई, हे फक्त लिहिण्याचं नाही. ब्लॉगचा थकवा असता तर ब्लॉग सोडून बाकी गोष्टी गोड लागल्या असत्या, लेकरू गोड लागलं असतं. झोप, भूक, माणसं, सगळ्यावरच सावली पडली असेल आणि ती दोन आठवड्यांच्या वर टिकली असेल तर डॉक्टरांना दाखवायचं असतं, आणि तुमचे तर चार महिने झालेत. लिहायचा विचार सध्या बाजूला ठेवा. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी असते तिथं जा, एकटीनं जाववत नसेल तर घरातलं कुणी सोबत घ्या. आजच बोलावंसं वाटलं तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सेवेचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, रात्री तीनला पण लागतो आणि मराठीत बोलता येतं. जीव नकोसा वाटण्याचे विचार येत असतील तर हे पत्र वाचून होताच फोन करा, सकाळची वाट बघू नका. आणि आम्हाला परत लिहा ताई, आम्ही वाट बघतोय.

प्रश्न (धाराशिव): किल्ल्यांवर लिहितो. अकरा महिने झाले काही टाकलं नाही, नळदुर्गच्या पाणीमहालावरचा लेख अर्धाच पडून आहे. आता परत यायची लाज वाटते, वाचकांची माफी मागून सुरू करू का?

उत्तर: माफी नको. अकरा महिने का नव्हतो याचं एक पान लिहायला बसलात तर तेच लिहिताना परत थांबाल, आणि वाचकाला ते नको असतं, त्याला नळदुर्ग पाहिजे. अर्ध्या लेखात बोरी नदी, धरणाची भिंत आणि तिच्या पोटात बांधलेला महाल एवढं झालं असेल तर तेवढाच भाग एक म्हणून टाका, या आठवड्यातच. पावसाळ्यात बोरीला पाणी आलं की नर आणि मादी दोन्ही धबधबे चालू होतात, तेव्हा परत जाऊन महालाच्या खिडकीत बसून या, आणि भाग दोन त्या दिवशी रात्री लिहा.