आरएमएस की एन्ट्रॉपी?

प्रश्न : मी पुण्यात इन्स्ट्रुमेंटेशनच्या तिसऱ्या वर्षाला आहे. शेवटच्या वर्षी श्वासपटलाच्या ईएमजीवर (स्नायूच्या विद्युत सिग्नलवर) प्रोजेक्ट करायचा आहे. सर म्हणतात, आरएमएस काढ, पुरे. मी फिक्स्ड सॅम्पल एन्ट्रॉपीबद्दल वाचलं आणि ते जास्त आवडलं. बाबांना काळजी आहे की यातून नोकरी कुठे मिळणार. काय करू? (विद्यार्थिनी, सिंहगड रोड)

उत्तर : सरांचं म्हणणं चुकीचं नाही, अपुरं आहे. आरएमएस, म्हणजे नमुन्यांच्या वर्गांच्या सरासरीचं वर्गमूळ, फक्त सिग्नल किती मोठा आहे ते सांगतो. छातीवरून घेतलेल्या ईएमजीत हृदयाचे ठोकेही येतात. शांत श्वासात आर-लहर (ठोक्याचं उंच टोक) स्नायूच्या सिग्नलहून कितीतरी उंच असते. त्यामुळे आरएमएसचा आलेख दर ठोक्याला उडी मारतो आणि श्वास त्यात हरवतो.

सॅम्पल एन्ट्रॉपी, म्हणजे सिग्नल किती अनियमित आहे त्याचं माप, २००० साली मांडली गेली. एका खिडकीत (सिग्नलच्या छोट्या तुकड्यात) सलग दोन नमुन्यांच्या किती जोड्या एकमेकींशी जुळतात ते मोजायचं. मग तिसरा नमुना जोडल्यावर त्यातल्या किती जुळलेल्या राहतात ते बघायचं आणि त्या गुणोत्तराचा ऋण लॉगॅरिदम घ्यायचा. 'जुळतात' म्हणजे किती जवळ, हे टॉलरन्स ठरवतो, आणि तुझ्या प्रोजेक्टचा जीव त्यातच आहे. प्रत्येक खिडकीच्या स्वतःच्या प्रमाण विचलनाच्या ०.२ पट टॉलरन्स घेतलास, तर सिग्नल दुप्पट झाला तरी उत्तर तेच येतं : फक्त गुंतागुंत कळते, मोठेपणा नाही. तोच टॉलरन्स संपूर्ण रेकॉर्डसाठी एकच ठेवलास, तर उत्तरात दोन्ही उतरतं : हीच फिक्स्ड सॅम्पल एन्ट्रॉपी. जोर लावून श्वास घेताना जास्त मोटर युनिट (एक चेतापेशी आणि तिचे स्नायूतंतू) कामाला लागतात आणि वेगाने फायर होतात, म्हणून हा आकडा श्वासाबरोबर वरखाली होतो. आर-लहर मात्र खिडकीतल्या थोड्याच नमुन्यांना हात लावते, म्हणून तिचा त्रास कमी.

पण आकडा वाढला तो मोठेपणामुळे की गुंतागुंतीमुळे, हे त्या एका आकड्यावरून सांगता येत नाही. म्हणून आरएमएस, साधी सॅम्पल एन्ट्रॉपी आणि फिक्स्ड, तिन्ही काढ आणि एकाखाली एक आलेख लाव. सरांनाही हे पटेल, कारण त्यांचा आरएमएस त्यात आहेच.

माणसाला इलेक्ट्रोड लावण्याआधी कृत्रिम सिग्नलवर कोड तपास. ८० हर्ट्झची साइन लहर आणि तेवढ्याच आरएमएसचा यादृच्छिक नॉइज घे. आरएमएसला दोन्ही सारखेच दिसतील, एन्ट्रॉपीला नाही. मग नॉइज दुप्पट कर : साधी एन्ट्रॉपी जागेवर राहिली आणि फिक्स्ड वाढली, तरच कोड बरोबर. टॉलरन्स फार लहान असेल तर एकही जुळणी सापडत नाही आणि लॉगॅरिदम काढताच येत नाही. फार मोठा असेल तर सगळंच जुळतं आणि उत्तर शून्याकडे जातं. एकूण विचलनाच्या ०.१ ते ०.४ पट असे चार-पाच आकडे घेऊन बघ. हे विचलन ईसीजीसकट काढलंस तर टॉलरन्स फुगतो, म्हणून ठोके टाळून काढ. सॅम्पलिंग दर (सेकंदाला किती नमुने) अहवालात लिहायला विसरू नकोस : दर वाढवला की शेजारचे नमुने सारखे होतात आणि एन्ट्रॉपी खाली येते.

वेळेचाही हिशोब कर. १००० नमुन्यांच्या खिडकीत सुमारे ५ लाख जोड्या तपासाव्या लागतात. १००० हर्ट्झने घेतलेल्या ६० सेकंदांच्या रेकॉर्डवर खिडकी ५० नमुन्यांनी सरकवलीस तर खिडक्या ११८१, म्हणजे ५९ कोटी तुलना. साधा पायथन लूप इथे रडवेल. नमपाय किंवा नम्बा या पायथनच्या वेगवान लायब्ररी वापर.

तापकीर गल्लीत किंवा ऑनलाइन मिळणारं एडी८२३२ चं ईसीजी बोर्ड घेऊ नकोस. त्याचा फिल्टर साधारण ४० हर्ट्झपर्यंतच सोडतो आणि तुझा बहुतेक सिग्नल त्याच्या वर आहे. १० बिटच्या आर्डुइनोत ५ व्होल्टवर एक पायरी जवळपास ४.९ मिलिव्होल्ट असते, तर त्वचेवर सिग्नल मायक्रोव्होल्टमध्ये. हजारपट गेन (वर्धन), २० ते ४०० हर्ट्झचा फिल्टर आणि किमान १००० हर्ट्झ सॅम्पलिंग लागेलच. इलेक्ट्रोड उजवीकडे, सातव्या-आठव्या बरगड्यांमधल्या जागेत लाव, म्हणजे हृदय थोडं लांब राहतं. त्वचा आधी स्पिरिटने पुस. जोराने श्वास सोडायला लावलास तर पोटाचे स्नायू सिग्नलमध्ये मिसळतात. सर्किट आणि लॅपटॉप दोन्ही बॅटरीवरच चालव, चार्जर काढून. तोंडाजवळचा दाब सेन्सरने सोबत नोंदव, नाहीतर आकडे कशाशी ताडणार? आणि कॉलेजच्या नैतिकता समितीची परवानगी आधी घे, मैत्रिणींवर प्रयोग असला तरी.

आता बाबांसाठी. फक्त श्वासाच्या सिग्नलवर काम देणाऱ्या जागा थोड्या आहेत, हे त्यांना स्पष्ट सांग. पण व्हेंटिलेटरमध्ये या सिग्नलचा खरा उपयोग होतो : नावा (NAVA) पद्धतीत नाकातून घातलेल्या नळीवरच्या इलेक्ट्रोडने श्वासपटलाचा सिग्नल घेतात आणि यंत्र त्या तालावर आधार देतं. अशी उपकरणं तपासणाऱ्या, प्रमाणित करणाऱ्या माणसांची गरज असते. वैद्यकीय उपकरण नियम, २०१७ आणि आयईसी ६०६०१ (वैद्यकीय विद्युत उपकरणांच्या सुरक्षेचं मानक) वाचायला आत्ताच सुरुवात कर. एम.टेक. करायचं असेल तर गेटमध्ये बायोमेडिकलचा स्वतंत्र पेपर आहे आणि तिसऱ्या वर्षातही तो देता येतो. इन्स्ट्रुमेंटेशनचा पेपरही तुला मोकळाच आहे. मुंबईच्या आयआयटीत बायोसायन्सेस अँड बायोइंजिनिअरिंग विभाग आहे, त्याचे प्रवेश नियम बाबांबरोबर बसून बघ. कॅम्पसमध्ये सॉफ्टवेअरची नोकरी मिळाली तर घ्यायला हरकत नाही, मात्र प्रोजेक्टचा कोड आणि कच्चा डेटा जपून ठेव. मुलाखतीत टॉलरन्स कसा ठरवलास हे विचारलं, तर तो डेटाच उघडून दाखवता आला पाहिजे.