वाणसामानाची यादी करण्यापूर्वी
यादी लिहिण्याआधी स्वयंपाकघरातले डबे स्वतः उघडून पाहा, कारण अर्धा किलो साबुदाणा शिल्लक असतानाही आपण सवयीने पुन्हा किलोभर लिहितो. पाकिटावर छापलेला प्रति ग्रॅम दर वाचावा. मोठे पाकीट दर वेळी स्वस्त पडतेच असे नाही. नवा गहू मार्च-एप्रिलमध्ये बाजारात येतो, तेव्हा घरात जागा असल्यास वर्षाची बेगमी जरूर करावी. मात्र तो दोन-तीन दिवस कडक उन्हात वाळवून, पूर्ण गार झाल्यावरच कोठीत भरावा, कारण गरम धान्य भरले की आत ओल धरते आणि कीड लागते. मी थराथरांत कडुनिंबाचा वाळलेला पालाही घालते. तूरडाळ मात्र, माझ्या मते, नवख्या गृहिणीने सुरुवातीला दोन महिन्यांपुरतीच घ्यावी.