डोक्यात साबण तसाच ठेवून बाहेर आलेली मुलगी

"मॅडम, मी एकटीने एवढं सगळं करून काही फरक पडतो का हो?"

पर्यावरणाची काळजी लागलेली माणसं समुपदेशनाला माझ्यासमोर बसली की फिरून फिरून याच प्रश्नावर येतात, आणि मागच्या काही वर्षांत अशी माणसं बरीच यायला लागलीयत. त्यातलीच एक केस आज सांगते. ओळख पटेल असं सगळं बदललंय आणि लिहू का म्हणून तिला विचारलंय. नाव देत नाही, नुसतं 'ती' पुरे.

पस्तिशीची, नोकरी करणारी, एक आठ वर्षांची मुलगी. पहिल्या दिवशी आली तेव्हा मी तिला पाणी दिलं, कागदी कपात, तेव्हा आमच्याकडे तेच असायचे. तिने कप घेतला, आतून बोट फिरवलं आणि पाणी न पिताच टेबलावर ठेवला. "कागदी म्हणतात पण आतून प्लॅस्टिकचं अस्तर असतं, म्हणून हे रद्दीतसुद्धा चालत नाहीत." बरोबरच होतं तिचं. पण लगेच "सॉरी, सॉरी, मी सगळीकडे असंच करते" म्हणाली आणि डोळे भरले.

ती आली होती मुलीमुळे. आदल्या आठवड्यात मुलगी आंघोळीला गेली आणि दोन मिनिटांत बाहेर आली, केसात फेस तसाच, एक डोळा चुरचुरतोय म्हणून मिटलेला. काय झालं विचारलं तर म्हणे, "आई, माझं पाणी संपलं, दोन तांबे झाले." कुणी तिला दोन तांब्यांचा नियम घातला नव्हता. तिने आईचं बघून बघून स्वतःच ठरवला होता.

आता माझी चूक सांगते. पहिल्याच सेशनला मी म्हणून गेले की अहो, तुम्ही इतरांपेक्षा कितीतरी जास्त करताय, एवढं मनाला लावून घेऊ नका. झालं, दार बंद! पुढची वीस मिनिटं नुसतं हो, नाही, बरोबर आहे. अशा माणसाला 'काळजी करू नका' म्हणणं म्हणजे तुम्हाला दिसतंय ते खोटं आहे असं सांगणं, आणि ते खोटं नसतंच ना. २०२१ मध्ये दहा देशांतल्या दहा हजार तरुणांचा एक मोठा सर्व्हे झाला होता, वय १६ ते २५, त्यात ५९ टक्के जण हवामान बदलाबद्दल खूप किंवा अतिशय काळजीत होते आणि ४५ टक्क्यांहून जास्त जणांनी सांगितलं की त्याचा रोजच्या जगण्यावर परिणाम होतो. म्हणजे काळजी वाटणं हा आजार नाही. ती काळजी झोप खायला लागली, घरात रोजची भांडणं लावायला लागली, की मग आमचं काम सुरू होतं.

दुसऱ्या वेळी तिने पर्समधून एक वही काढली. साधी, रेघांची, कोपरे दुमडलेली. तारीख टाकून रोजची 'पापं' लिहिलेली, हा तिचाच शब्द. "पिशवी विसरले, प्लॅस्टिकची घेतली." "स्ट्रॉ नको सांगायचं राहिलं." "ऑफिसात पाण्याची बाटली घेतली, पर्याय नव्हता, पण घ्यायला नको होती." पुढे कंसात स्वतःला मार्क दिलेले, दहापैकी. एकाही दिवशी पाचच्या वर नाही. (हे कुठे मंत्रचळेपणाकडे जातंय का ते मी नीट तपासून घेतलं, तसं नव्हतं. असतं तर सायकियाट्रिस्टकडे पाठवलं असतं, तुमच्या घरात असं कुणी असेल तर हा भाग अंदाजावर सोडू नका.)

मी म्हटलं, ही वही मला वाचून दाखवा, मोठ्याने. दोन महिन्यांची पानं वाचता वाचता तीच थांबली, कारण जवळपास सगळं पिशव्या, बाटल्या आणि कपांबद्दल होतं. मग मी विचारलं की बाकी घर कसं चालतं? तेव्हा कळलं की दर शनिवारी ती कार काढून शहराच्या दुसऱ्या टोकाला जाते, कारण तिथे सुटं सामान आपल्या डब्यात भरून मिळतं. जाऊन येऊन तीस किलोमीटर. दोन लिटर पेट्रोल धरा. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण २.३ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, म्हणजे एका खेपेला साडेचार किलोच्या वर, आणि वाचवलेल्या पिशव्या सगळ्या मिळून पाव किलोसुद्धा भरल्या नसत्या. मी हे काही तिला हरवायला मांडलं नव्हतं, पण ती आधी गप्प झाली आणि मग अचानक हसायला लागली, पहिल्यांदाच. "म्हणजे मी दोन वर्षं वही उलटीच वाचतेय."

उलटी नाही, अर्धी. प्लॅस्टिकचा प्रश्न खराच आहे, नाल्यात, नदीत, गुरांच्या पोटात जातं ते, आणि तो कार्बनच्या तराजूत मोजून चालत नाही. पण गिल्टची एक खोड असते, ती डोळ्यांसमोर दिसणाऱ्या वस्तूलाच चिकटते. पिशवी हातात दिसते. धूर, वीज, फ्रीजच्या मागच्या रांगेत सडलेलं अन्न, हे दिसत नाही म्हणून वहीत येत नाही.

फ्रीजचं तर विचारूच नका. तिने घरी जाऊन मागचा कप्पा रिकामा केला आणि फोटो पाठवला, चार डबे, त्यातल्या दोघांत काय होतं ते तिलाही ओळखता येईना. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण विभागाच्या रिपोर्टप्रमाणे २०२२ या एका वर्षात जगात १०५ कोटी टन अन्न वाया गेलं आणि त्यातलं साधारण ६० टक्के हॉटेलांतून किंवा दुकानांतून नाही, घराघरांतून. हे अन्न कचऱ्याच्या डोंगराखाली हवा न लागता कुजतं तेव्हा मिथेन तयार होतो, आणि वीस वर्षांचा हिशोब धरला तर तो कार्बन डायऑक्साइडपेक्षा ऐंशी पट तरी जास्त उष्णता धरून ठेवतो. जे आहे ते आधी संपवायचं आणि मग नवीन करायचं, याला कुठलं खास दुकान लागत नाही.

आणखी एक गोष्ट मी तिला मुद्दाम सांगितली. 'कार्बन फूटप्रिंट', म्हणजे आपल्या जगण्यातून किती कार्बन हवेत जातो त्याचा हिशोब, हा शब्द लोकांच्या तोंडी बसवण्यात बीपी या तेल कंपनीचा मोठा हात आहे, २००४ मध्ये त्यांनी लोकांसाठी कॅल्क्युलेटर काढला, की बघा बरं तुमचा वाटा किती. तेल विकणारा विचारतोय! ती चिडली, आणि मला ते फार बरं वाटलं, कारण इतके दिवस तिचा सगळा राग स्वतःवरच होता. तरी मी तिला म्हटलं की याचा अर्थ आता आपण काहीच करायचं नाही असाही नाही, नाहीतर लोक लगेच त्या टोकाला जातात.

मग आम्ही काय केलं? मार्क देणं बंद. वहीच्या जागी संध्याकाळी साडेसातचा अर्धा तास, या विषयाची काळजी, वाचन, चिडचिड जे काय असेल ते त्या वेळात, बाकी वेळी आठवलं तर 'साडेसातला' म्हणायचं. ऐकायला बाळबोध वाटतं, दोन आठवडे तिलाही जमलं नाही, मग जमलं. आणि रोज शंभर वेळा ठरवण्यापेक्षा एकदा ठरवून मोकळं व्हायच्या गोष्टी निवडल्या. शनिवारची खेप बंद, जवळून पायी. कपडे मशीनमध्ये गार पाण्यात, कारण गरम पाण्याच्या धुण्यात बहुतेक वीज पाणी तापवण्यातच जाते. उरलेले जुने पिवळे बल्ब काढून एलईडी लावले. नवऱ्याला फोन बदलायचा होता, त्यावरून महिनाभर धुसफूस चालली होती. फोनचं बहुतेक प्रदूषण तो बनतानाच होऊन गेलेलं असतं, म्हणून बॅटरी बदलून आहे तोच वापरायचा असं ठरलं, पण ते तिने भाषण देऊन नाही तर नवऱ्यानेच हिशोब करून ठरवलं. तो एकदा माझ्याकडे आला होता, बिचारा म्हणाला, "मॅडम, मला पृथ्वीबद्दल काही प्रॉब्लेम नाही, मला घरात आरोपी व्हायचं नाहीये."

एकटीने काय फरक पडतो याचं उत्तर मात्र मी दिलं नाही, ते तिला बिल्डिंगमध्ये मिळालं. सहा घरांनी मिळून ओल्या कचऱ्याचं खत करायला घेतलं. दोन आठवड्यांत वास, अळ्या, दोन घरं गळाली. तिचा फोन आला तेव्हा मला वाटलं आता रडणार, पण ती अळ्यांवर आणि शेजाऱ्यांवर चिडलेली होती, चांगली खणखणीत. ओलं जास्त झालं होतं, सुकी पानं कमी, हवा लागत नव्हती. एका आजोबांनी रोज काठीने ढवळायचं काम अंगावर घेतलं आणि वास गेला. गळालेल्यांपैकी एक घर परत आलं, दुसरं नाही आलं.

आमच्याकडे आता स्टीलचे ग्लास आहेत. धुवायचे कुणी यावरून रिसेप्शनवर अजून वाद चालू आहे.

शेवटच्या सेशनला मी मुलीचं विचारलं. आता परत अर्धा तास आंघोळ करते म्हणाली, पाणी उडवते, गाणी म्हणते.

"मग तुम्ही?"

"ओरडते की. पण आता नुसतं 'बाहेर ये, शाळेला उशीर होतोय' एवढंच. पृथ्वीला मध्ये आणत नाही."