साथ ओसरली, पण सासूबाईंचे धुणे थांबेना

ताई, सासूबाई टाळेबंदीत शिकलेली धुण्यापुसण्याची पद्धत अजूनही सोडत नाहीत, असे आपण लिहिले आहे. दुधाची पिशवी त्या साबणाने धुतात, भाजी ब्लीचिंग पावडरच्या पाण्यात बुडवतात आणि कोणी बाहेरून आले की फरशी पुन्हा हायपो या जंतुनाशकाने पुसायला लावतात. हातांची साल निघाली तरी हात धुणे सुरूच असते, आणि चार-पाच दिवसांआड येणारे नळाचे पाणी त्यापायी दुसऱ्याच दिवशी संपते. २०२१ च्या करोनाच्या लाटेत त्यांची धाकटी बहीण गेली, तेव्हापासून हे वाढले, हेही आपण सांगितले आहे. याला काळजी म्हणावे की आजार, आणि घरात खरोखर किती स्वच्छता पुरेशी असते, असे आपले दोन प्रश्न आहेत. मी सोलापुरातच परिचारिका म्हणून नोकरी केली आणि त्यातली शेवटची वर्षे जंतुसंसर्ग नियंत्रणाच्या कामात गेली, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

माझ्या मते खरी अडचण सासूबाईंच्या धुण्याला शेवट नाही, ही आहे. रुग्णालयात आम्ही त्यांच्याहून कितीतरी अधिक धुतो. परंतु काय धुवायचे, कशाने, किती वेळ आणि कुठे थांबायचे हे तिथे आधी ठरलेले असते, आणि ते झाले की परिचारिका पुढच्या कामाला लागते. मनाचे समाधान झाले की नाही, हे तिला कोणी विचारत नाही. सासूबाईंचे धुणे मात्र मनाचे समाधान होईपर्यंत चालते, आणि भ्यालेल्या मनाचे समाधान धुण्याने होत नसते.

त्यांची भीती मुळात निराधार नव्हती, हे आधी मान्य केले पाहिजे. मार्च २०२० मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एक प्रयोग प्रसिद्ध झाला, त्यात करोनाचा विषाणू प्लास्टिकवर ७२ तासांपर्यंत, पुठ्ठ्यावर २४ तासांपर्यंत आणि तांब्यावर ४ तासांपर्यंत तग धरतो, असे आढळले होते. ते आकडे घराघरांत पोहोचले. मात्र तो प्रयोग प्रयोगशाळेतला होता, पृष्ठभागावर मुद्दाम भरपूर विषाणू सोडून केलेला होता, आणि त्या मुदतीत विषाणूचे प्रमाण तासागणिक झपाट्याने घटत होते, ही बाजू तितक्या मोठ्या आवाजात कोणी सांगितली नाही. पुढे एप्रिल २०२१ मध्ये अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने, म्हणजे सीडीसीने, उपलब्ध अभ्यास पाहून असे मांडले की दूषित पृष्ठभागाला एकदा हात लागल्याने लागण होण्याची शक्यता सर्वसाधारणपणे १०,००० मध्ये १ पेक्षाही कमी असते. त्याच महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेने बंदिस्त, हवा न खेळणाऱ्या जागेत हा विषाणू हवेतून पसरतो, हे आपल्या संकेतस्थळावरच्या प्रश्नोत्तरांत स्पष्ट केले. तोवर वर्ष उलटले होते आणि घरोघरी धुण्याची सवय पक्की झाली होती. सासूबाई आजही २०२० च्या मार्चमधल्या माहितीवर घर चालवत आहेत. त्यांना कोणी नवी माहिती नीट बसून सांगितली आहे का, हे पाहावे.

विषाणू हवेतून येत असेल तर राखायची ती हवा. मे २०२१ मध्ये केंद्र सरकारच्या प्रमुख वैज्ञानिक सल्लागारांच्या कार्यालयाने सूचना काढली, तिच्यात थुंकीचे मोठे थेंब २ मीटरच्या आत खाली पडतात, पण सूक्ष्म कण हवेतून १० मीटरपर्यंत जाऊ शकतात, म्हणून खिडक्या-दारे उघडी ठेवा, असे सांगितले होते. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत ऊन चाळिशीपार जाते, तेव्हा सकाळी दहालाच दारे-खिडक्या बंद करून पडदे ओढले जातात, आणि शहराच्या पूर्व भागातल्या लहान खोल्यांमध्ये तर मागे खिडकीच नसते. अशा बंद खोलीत खोकणारा पाहुणा तासभर बसला तर फरशी कितीही वेळा पुसली तरी उपयोग नाही. कूलर खिडकीत बाहेरच्या बाजूने बसवलेला असेल तर तो बाहेरची ताजी हवा आत ढकलतो. फक्त समोरची एक खिडकी किंवा दार किलकिले ठेवावे, म्हणजे आतली हवा निघून जाते आणि खोली गारही चांगली होते. वातानुकूलन यंत्र मात्र बहुधा तीच हवा फिरवत राहते.

आता आपल्या घरातल्या एकेका गोष्टीकडे येते. दुधाची पिशवी पाण्याखाली धरून खळखळून घ्यावी, कापावी, दूध पातेल्यात ओतून तापवावे आणि हात धुवावेत, एवढे पुरे आहे. दूध उकळी येईपर्यंत तापते, तिथे साबणाला करायला काही उरत नाही. पिशवी साबणाने घासून मग तिचाच कोपरा कापला की साबण दुधात उतरण्याचा संभव मात्र असतो. भाजीला वाहते स्वच्छ पाणी लागते. पाणी कमी असेल तर पातेल्यात दोन वेळा बुडवून चोळावी आणि ते पाणी कुंड्यांना घालावे. ब्लीचिंग पावडर अंदाजाने टाकलेल्या पाण्यात भाजी बुडवणे थांबवावे, कारण तिथे फायद्यापेक्षा अपाय होण्याची भीती अधिक आहे. हे केवळ आपल्याच घरात घडले असे नाही. सीडीसीने मे २०२० मध्ये अमेरिकेतल्या ५०२ प्रौढांची पाहणी केली, तेव्हा १९ टक्के लोकांनी खाण्याचे पदार्थ ब्लीचने धुतल्याचे सांगितले होते. भीतीने शहाणीसुरती माणसे काय करतात, हे त्यावरून दिसते.

फरशी रोज एकदा साध्या पाण्याने किंवा नेहमीच्या फिनाईलने पुसावी. हायपो, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, घरात खरोखर कोणी आजारी असेल तेव्हाच वापरावे, आणि तेव्हा ते नीट वापरावे. बाटलीवर ५ टक्के लिहिले असेल तर १ भाग हायपोला ४९ भाग पाणी, म्हणजे १ लिटर द्रावणाला साधारण २० मिलिलिटर हायपो. त्याने ०.१ टक्क्याचे द्रावण होते आणि कडी, बटणे, नळ, संडासाचे भांडे यांना ते पुरते. आधी साबणाच्या पाण्याने मळ काढावा, कारण मळ असला की क्लोरीन त्याच्यावरच खर्ची पडते. मग द्रावण लावून दहा मिनिटे पृष्ठभाग ओला राहू द्यावा. लावल्याबरोबर कोरड्या फडक्याने पुसून टाकले तर ते न लावल्यासारखेच होते, आणि बहुतेक घरांत मी नेमके हेच पाहिले आहे. द्रावण रोज ताजे करावे, कारण आपल्या उन्हाळ्यात बाटलीतलेही हायपो लवकर नरम पडते. एक गोष्ट मात्र अगदी कडकपणे पाळावी: संडास धुण्याचे अ‍ॅसिड आणि हायपो कधीही एकत्र येऊ देऊ नये. त्यातून क्लोरीन वायू निघतो, आणि झरोका बंद असलेल्या मोरीत तो फुफ्फुसांना इजा करतो. सॅनिटायझरही गॅसजवळ ठेवू नये. त्यात ६० टक्क्यांहून अधिक अल्कोहोल असते आणि ते चटकन पेट घेते.

माणसांवर फवारा मारणे हा त्या काळातला सर्वांत वाईट प्रकार होता. मार्च २०२० च्या अखेरीस उत्तर प्रदेशात बरेली येथे गावी परतणाऱ्या मजुरांना रस्त्यावर बसवून त्यांच्यावर हायपोचा फवारा मारला गेला. १८ एप्रिल २०२० रोजी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने असे करू नये, ते अपायकारक आहे आणि त्याचा उपयोगही नाही, असे लेखी कळवले. आपण लिहिले आहे की सासूबाई भांडी घासायला येणाऱ्या मावशींना दारातच थांबवून अंगावर सॅनिटायझर उडवतात. हे मात्र आजच बंद करावे. मावशींनी आत आल्यावर साबणाने हात धुवावेत, तसेच बाहेरून आलेल्या आपल्या घरच्यांनीही धुवावेत. नियम सगळ्यांना एकच असावा. आपल्या समाजाला शिवाशिवीचा इतिहास आहे, आणि साथीच्या निमित्ताने तो घरात परत येऊ देणे मला मान्य नाही.

आता पाण्याबद्दल, कारण आपल्या शहरात हा विषय पाण्यापासून वेगळा काढता येत नाही. उजनी धरणाचे पाणी चार-पाच दिवसांनी येते म्हणून आपण हौद, पिंपे, ड्रम सगळे भरून ठेवतो, आणि डेंग्यूचा एडिस डास नेमका अशाच साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, आणि अंडी पिंपाच्या आतल्या बाजूला, पाण्याच्या रेषेजवळ चिकटलेली असतात. ती कोरड्यातही महिनोन्‌महिने टिकतात. म्हणून पिंप नुसते रिकामे करून भागत नाही, ते आतून काथ्याने घासून काढावे लागते, आणि कूलरची टाकीही आठवड्यातून एकदा तशीच घासावी लागते. सासूबाईंच्या हाताला घासण्याचे काम हवेच आहे. ते इथे द्यावे. आठवड्याचा एक वार ठरवावा, पिंपे आतून घासून त्यांनी स्वतः झाकणे लावावीत. हे काम खरोखर घरादाराला आजारातून वाचवते आणि झाकण लागले की ते संपते. जेवणाआधी व संडासाहून आल्यावर साबणाने हात धुणे मात्र कधीच सोडू नये, कारण विषमज्वर, कावीळ आणि जुलाब यांचा रस्ता हात आणि पाणी हाच आहे.

आता हे धुणे का थांबत नाही ते सांगते. हाताला काहीतरी लागले, अशी शंका येते, छातीत धडधडते, हात धुतले की लगेच बरे वाटते. या बरे वाटण्यामुळेच मन असे शिकते की धुतले म्हणून वाचलो, आणि पुढच्या वेळी शंका अधिक लवकर व अधिक जोराने येते. खाजवल्याने खाज वाढावी, तसेच हे आहे. सासूबाई आपल्याला वारंवार ‘हात धुतलेस ना गं?’ असे विचारतात, तेव्हा आपण प्रत्येक वेळी ‘हो, धुतले’ असे सांगतो आणि त्यांना घटकाभर बरे वाटते. तेही धुण्यासारखेच आहे, त्यानेही शंका पोसली जाते. जुन्या घरांतल्या सोवळ्याचे अनेक दोष होते, परंतु त्याला निदान ठरलेली वेळ होती: स्नान, स्वयंपाक, नैवेद्य झाला की सोवळे सुटायचे. मनाच्या शंकेला अशी सुटण्याची वेळ नसते, ती बाहेरून ठरवून द्यावी लागते.

ती ठरवताना त्यांच्याशी वाद घालू नये. ‘तुम्हाला वेड लागले आहे’ किंवा ‘पाणी काय फुकट येते का?’ अशी वाक्ये आपल्या घरात बोलली जातात, असे आपल्या लिहिण्यावरून वाटते. त्याने त्या लपून धुतील, एवढेच होईल. ‘आई, तुमच्या बहिणीच्या जाण्याने तुम्हाला आमची धास्ती वाटते, हे मला समजते. पण तुमचे हात पाहवत नाहीत. आपण दोघी मिळून कमी करू,’ असे शांतपणे म्हणावे. मग त्यांच्याच तोंडून कोणते काम सोडणे सर्वांत सोपे आणि कोणते सर्वांत अवघड, हे काढून घ्यावे. जंतू मरावेत म्हणून वर्तमानपत्राला इस्त्री करणे सोडायला सोपे वाटत असेल तर तिथून सुरुवात करावी. वर्तमानपत्र हातात घ्यायचे, वाचायचे आणि लगेच हात धुवायला न उठता थांबायचे. पहिल्यांदा अस्वस्थता खूप वाढेल, पण काही वेळाने ती आपोआप उतरते, आणि हे उतरणे त्यांनी स्वतः अनुभवले पाहिजे. ते जमले की दुधाची पिशवी, मग दाराची कडी, मग बाहेरून आलेल्या नातवाला जवळ घेणे. एक पायरी पक्की झाल्याशिवाय पुढची चढू नये. त्यांनी विचारले तर ‘याचे उत्तर आपण एकदा दिले आहे’ असे मायेने म्हणावे, पुन्हा हमी देऊ नये.

हातांकडे आजपासूनच लक्ष द्यावे. बोटांच्या पेरांवर उभ्या चिरा पडल्या आहेत आणि साबण लागला की झोंबते, असे आपण लिहिले आहे. अशा चिरांमधून जंतू सहज आत शिरतात. धड कातडीइतका चांगला अडसर कोणताही साबण देत नाही. बोअरच्या जड पाण्यात साबणाला फेस येत नाही म्हणून त्या जास्त साबण चोळत असतील, तर हातांसाठी तांब्याभर नळाचे पाणी वेगळे ठेवावे. धुतल्यावर हात टिपून, जरा ओलसर असतानाच व्हॅसलीन किंवा खोबरेल चोळावे. हायपो उघड्या हाताने हाताळणे पूर्ण बंद करावे.

आणि पहिल्या प्रश्नाचे उत्तर: धुणे-पुसणे व त्याचे विचार यांत दिवसाचा तासाभराहून अधिक वेळ जात असेल, जेवणखाण आणि येणेजाणे अडत असेल, तर तो आजार असण्याची शक्यता मोठी आहे. आपण लिहिलेल्या वर्णनावरून मला तसेच वाटते. निदान मात्र डॉक्टरांनीच करायचे असते. मराठीत याला मंत्रचळ म्हणतात. तो बरा होण्याजोगा आजार आहे. वर सांगितलेल्या पायऱ्या हीच त्याच्या उपचाराची जगभर वापरली जाणारी पद्धत आहे, फक्त प्रशिक्षित माणसाच्या देखरेखीखाली ती जास्त लवकर आणि कमी त्रासात पार पडते. सिव्हिल रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात बाह्यरुग्ण म्हणून दाखवता येईल. तिथवर जायला त्या तयार नसतील तर आधी १४४१६ या मानसिक आरोग्याच्या टेलिमानस क्रमांकावर फोन करावा. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेली ही सेवा विनामूल्य आहे, चोवीस तास चालते आणि मराठीतून बोलता येते. जाण्यापूर्वी आठवडाभर एका वहीत कधी, काय आणि किती वेळ धुतले ते लिहून ठेवावे, आणि बहीण गेल्याचेही डॉक्टरांना आवर्जून सांगावे, कारण त्या दुःखावर अजून कोणी त्यांच्याशी बोललेलेच नसावे. गोळ्या दिल्या तर त्यांचा पूर्ण परिणाम दिसायला आठ ते बारा आठवडे लागतात, तेव्हा पंधरा दिवसांत फरक नाही म्हणून त्या आपल्या मनाने बंद करू नयेत.